लाउटरब्रुनेनच्या दरीत मुक्काम करावा, की इंटरलाकेनहून जाऊन यावे?

माहीमकर यांचा प्रश्न

नमस्कार. येत्या जूनच्या मध्याला आम्ही घरचे पाच जण स्वित्झर्लंडला जाण्याचे ठरवत आहोत: मी, पत्नी, दहा वर्षांची मुलगी आणि माझे आई-बाबा. आई-बाबा दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत. आईच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाट रस्त्यावर ती आरामात चालते, पण पायऱ्या उतरताना तिला कठडा लागतो. बाबांची अँजिओप्लास्टी झाली आहे. सध्या त्यांची तब्येत उत्तम आहे आणि शिवाजी पार्कची सकाळची फेरी ते सहसा चुकवत नाहीत.

एका सहल कंपनीचा कार्यक्रम आमच्या हाती आला आहे. त्यात इंटरलाकेनला दोन रात्रींचा मुक्काम, एक पूर्ण दिवस युंगफ्राउयोख हे बर्फातले उंचावरचे रेल्वे स्थानक आणि परतीच्या वाटेवर लाउटरब्रुनेनला छायाचित्रे काढण्यासाठी तासाभराचा थांबा आहे. आईला मात्र बर्फाचे फारसे कौतुक नाही. तिला ती दरी, तिथले धबधबे, लाकडी घरे आणि कुरणे निवांतपणे पाहायची आहेत, आणि तासाभरात ते कसे होणार, असा तिचा साधा प्रश्न आहे. म्हणून सहल कंपनी सोडून आपले आपण जावे आणि दरीतच चार-पाच रात्री राहावे, असे आमच्या मनात येऊ लागले आहे. ज्येष्ठांना बरोबर घेऊन हे झेपेल का? राहायचे झाल्यास खालच्या गावात राहावे की वरच्या? युंगफ्राउयोखची उंची बाबांना मानवेल का? जाऊन आलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

पार्लेकरीण यांचे उत्तर

माहीमकर, तुमच्या आईंचे म्हणणे मला पूर्ण पटते, आणि ज्येष्ठांना घेऊन ही दरी पाहणे आपल्याला वाटते त्यापेक्षा पुष्कळ सोपे आहे, कारण तिथे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी रेल्वे, बस किंवा केबलकार पोहोचते. सासूबाईंना घेऊन आम्ही तिथे राहिलो होतो. त्या अनुभवावरून लिहिते.

आधी दरीची रचना लक्षात घ्या. लाउटरब्रुनेन हे गाव दरीच्या तळाशी, सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. दोन्ही बाजूंना उभे कडे आहेत आणि त्या कड्यांच्या माथ्यावर, जणू सज्जावर वसावीत तशी आणखी गावे आहेत. पूर्वेला १,२७४ मीटरवर वेंगेन, पश्चिमेला १,६३८ मीटरवर म्युरेन आणि म्युरेनच्या खाली गिमेलवाल्ड नावाची अगदी लहानशी वाडी. वेंगेन आणि म्युरेन या दोन्ही गावांत पर्यटकांच्या मोटारींना मज्जाव आहे. माथेरानला दस्तुरी नाक्यापाशी गाडी सोडावी लागते, तशी इथे गाडी खालीच ठेवून दातेरी रेल्वेने किंवा केबलकारने वर जायचे. वेंगेनला जाणारी रेल्वे १८९३ पासून चालू आहे आणि आजही गावातली मुले शाळेला, बायका बाजाराला तिनेच जातात.

तासाभराच्या थांब्यात श्टाउबबाखचा धबधबा, गावातला एकच रस्ता आणि त्या रस्त्यावर तेवढ्याच वेळासाठी उतरलेली गर्दी, इतकेच वाट्याला येते. धबधबा जवळपास ३०० मीटर उंचीवरून पडतो आणि तो सुंदरच आहे, पण ही दरी कळायला सकाळ आणि संध्याकाळ तिथे असावे लागते. दिवसाच्या सहली साडेपाच-सहाला परतल्या की गाव एकदम मोकळे होते. जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो, त्यामुळे जेवण उरकून फिरायला निघावे आणि रस्त्यावर आपल्याशिवाय फारसे कोणी नसावे, ही चैन मुक्काम करणाऱ्यालाच मिळते.

कुठे राहावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: तुमच्या कुटुंबासाठी वेंगेन. लाउटरब्रुनेन येण्याजाण्याला सर्वांत सोयीचे असले, तरी दोन कड्यांच्या मध्ये असल्यामुळे तिथे ऊन उशिरा येते आणि लवकर जाते, शिवाय भर दिवसा गर्दीही तिथेच असते. म्युरेन मला स्वतःला अधिक आवडते, कारण आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरे तिथून अगदी समोर दिसतात. पण लाउटरब्रुनेनहून आधी केबलकार आणि मग छोटी रेल्वे अशी अदलाबदल करावी लागते आणि पाच जणांच्या सामानासह ते थोडे जिकिरीचे होते. वेंगेनला लाउटरब्रुनेन स्थानकावरून एकच गाडी पंधराएक मिनिटांत पोहोचवते. फक्त हॉटेल ठरवताना ते स्थानकापासून किती चढावर आहे, हे विचारून घ्या. गाव उतारावर वसलेले आहे आणि नकाशात जवळ दिसणारे घर आईंच्या गुडघ्याला जवळ असेलच असे नाही.

आपले आपण जाण्याचा सर्वांत मोठा फायदा हवामानाचा आहे. सहल कंपनीचा युंगफ्राउयोखचा दिवस महिनोन्महिने आधी ठरलेला असतो आणि त्या दिवशी ढग उतरले, तर एवढे महाग तिकीट काढून पांढरी भिंत पाहून परतावे लागते. मुक्काम दरीत असेल, तर सकाळी उठून शिखरांवरच्या वेबकॅमेऱ्यांचे दृश्य बघायचे आणि मगच तिकीट काढायचे. पाऊस असेल त्या दिवशी ट्र्युमेलबाखला जावे, कारण ते धबधबे डोंगराच्या पोटात आहेत आणि बाहेरच्या पावसाने त्यांचे काही बिघडत नाही. तिथे खडकात खोदलेल्या बोगद्यातून लिफ्ट वर नेते. पुढच्या पायऱ्या मात्र ओल्या असतात, तेव्हा आईंनी लिफ्टजवळचा भाग पाहून थांबावे, बाकीच्यांनी वरपर्यंत जावे.

आईंना सर्वांत आवडेल ती वाट मात्र लाउटरब्रुनेनहून ट्र्युमेलबाखवरून श्टेखेलबर्गला जाणारी. ती दरीच्या तळातून, नदीच्या काठाने आणि कुरणांमधून जवळजवळ सपाट जाते. समांतर रस्त्यावरून पोस्टाची पिवळी बस धावते, त्यामुळे दमल्यासारखे वाटले की पुढच्या थांब्यावर बस पकडता येते. माझ्या सासूबाई काठी टेकत या वाटेने निघाल्या आणि प्रत्येक बाकावर बसत, प्रत्येक घराच्या खिडकीतली जिरॅनियमची फुले पाहत श्टेखेलबर्गपर्यंत पोहोचल्या. घराघरांच्या भिंतीला लागून सरपणाच्या फळ्या इतक्या नेटक्या रचलेल्या होत्या की त्या रचणाऱ्याला भेटावे, असे त्या म्हणाल्या.

घाटवाटा यांचे उत्तर

वरील उत्तरात मुक्कामाचे सगळे आले आहे, म्हणून मी फक्त त्या दरीबद्दल आणि जून महिन्याबद्दल लिहितो. सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसाला ती दरी पाहताना पहिला प्रश्न हाच पडतो, की एवढ्याशा जागेत इतके धबधबे का?

आपले कडे बेसाल्टचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्हाचे. त्यांना आजचे रूप मुख्यतः वाहत्या पाण्याने दिले. लाउटरब्रुनेनचे कडे चुनखडीचे आहेत आणि ती दरी आज दिसते तशी कोरली ती हिमनदीने. नदी दरीला इंग्रजी व्ही अक्षरासारखा आकार देते, तर शेकडो मीटर जाडीची हिमनदी तळ आणि बाजू दोन्ही घासत जाते, त्यामुळे तळ रुंद आणि सपाट होतो व कडे उभे राहतात. मुख्य हिमनदीला बाजूने येऊन मिळणाऱ्या लहान हिमनद्यांची ताकद कमी होती, म्हणून त्यांच्या दऱ्या तितक्या खोल गेल्या नाहीत. हिमयुग सरले, बर्फ मागे हटले आणि त्या बाजूच्या दऱ्यांची तोंडे मुख्य दरीच्या कितीतरी वर, हवेत राहिली. आज त्यांतून येणाऱ्या प्रत्येक ओढ्याला कड्यावरून खाली उडी घेण्यावाचून गत्यंतर नाही. गावे ज्या सज्जांवर आहेत, ते सज्जेही याच इतिहासाचा भाग आहेत. हे डोक्यात ठेवून पाहिले की साऱ्या दरीची मांडणी एका नजरेत उलगडते. तुमच्या मुलीला तिथे उभे राहून हे नक्की सांगा, दहा वर्षांच्या मुलांना ते चटकन कळते.

आता जून महिना. आपले धबधबे पावसावर जगतात, तिथले मुख्यतः वितळणाऱ्या बर्फावर. त्यामुळे मे-जूनमध्ये त्यांना भरपूर पाणी असते आणि शरद ऋतूपर्यंत श्टाउबबाखची धार इतकी बारीक होते की वाऱ्याने ती वाटेतच तुषार होऊन उडते. ट्र्युमेलबाखचे तर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तिन्ही पर्वतांवरच्या हिमनद्यांशी थेट नाते आहे. त्यांचे वितळलेले पाणी दहा धबधब्यांनी डोंगर आतून कापत खाली येते आणि ऐन भरात असताना सेकंदाला २०,००० लिटरपर्यंत पाणी त्या फटीतून वाहते. आत शिरल्यावर शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही आणि हात ठेवलेला कठडा थरथरत असतो. उष्ण, निरभ्र दिवशी दुपारनंतर पाणी वाढते, म्हणून शक्य असल्यास सकाळी न जाता दुपारी जावे. हाताशी एक गरम कपडा ठेवावा, कारण आत भर उन्हाळ्यातही गारठा असतो.

एक गोष्ट कळकळीने सांगाविशी वाटते. जूनमध्ये दरीतली कुरणे फुलांनी भरलेली असतात आणि छायाचित्रासाठी त्यांत शिरण्याचा मोह होतो. ते गवत म्हणजे गुरांचा हिवाळ्याचा चारा आहे. तुडवलेले गवत नीट कापता येत नाही आणि त्यात टाकलेला प्लॅस्टिकचा तुकडा जनावराच्या पोटात जातो. आपल्याकडे पेरलेल्या शेतातून कोणी चालत गेले तर जे वाटेल, तेच तिथल्या शेतकऱ्याला वाटते. वाट सोडू नये. वासरांसह चरणाऱ्या गायींपासूनही लांबूनच जावे. त्या शांत दिसल्या तरी वासराच्या रक्षणासाठी अंगावर धावून येतात.

बोरिवलीकर यांचे उत्तर

बाबांच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझ्या वडिलांनाही स्टेंट बसवलेला आहे. युंगफ्राउयोखचे स्थानक ३,४५४ मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात कमी. मुंबईच्या माणसाला ही उंची गाठायला शरीर सरावण्याइतका वेळही मिळत नाही, कारण रेल्वे आणि केबलकार काही तासांत वर पोहोचवतात. त्यामुळे निर्णय त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनीच घ्यावा आणि तिकीट काढण्याआधी घ्यावा. डॉक्टरांनी परवानगी दिली, तरी आधी दोन-तीन रात्री वेंगेन किंवा म्युरेनला काढून मगच वर जाणे चांगले. वर पोहोचल्यावर पावले सावकाश टाकावीत, जिने टाळावेत आणि डोके दुखू लागले, दम लागला किंवा छातीत जरा जरी वेगळे वाटले, तर ताबडतोब खाली जाणारी गाडी धरावी.

डॉक्टर नको म्हणाले, तर बाबांचे फार काही हुकले असे मुळीच समजू नका. आम्ही वडिलांना वर नेलेच नाही. क्लायने शायडेग हे २,०६१ मीटरवरचे स्थानक आहे आणि युंगफ्राउची रेल्वे तिथूनच सुटते. तिथे बसले की आयगरची उत्तर भिंत, जी चढून जाणे गिर्यारोहकांना १९३८ मध्ये प्रथम साधले, ती थेट डोक्यावर येते. घरातले बाकी लोक वर गेले आणि वडील तिथल्या उपाहारगृहाच्या अंगणात उन्हात बसून राहिले. दुर्बिणीतून त्यांना कड्यावरची गिर्यारोहकांची दोरी दिसली आणि आमच्यापेक्षा त्यांच्याकडेच सांगण्यासारखे जास्त होते.

दुसरा पर्याय म्हणजे वेंगेनहून केबलकारने मॅनलिखेन, आणि तिसरा, म्युरेनहून छोट्या रेल्वेने आल्मेंडहुबेल. ही दोन्ही ठिकाणे अनुक्रमे सुमारे २,२०० आणि १,९०० मीटरवर आहेत. मॅनलिखेनहून क्लायने शायडेगला जाणारी वाट दीडेक तासाची, रुंद आणि हलक्या उताराची आहे. बाबांना ती जमेल, आईंनी मात्र उतार असल्यामुळे केबलकारनेच परतावे. जूनच्या मध्याला या उंचीवरच्या वाटांवर कधीकधी बर्फ शिल्लक असते, तेव्हा वाट खुली आहे की नाही, हे आदल्या दिवशी स्थानकावर विचारावे. तिथल्या पिवळ्या पाट्यांवर अंतराऐवजी वेळ लिहिलेला असतो आणि त्यात विश्रांतीचा वेळ धरलेला नसतो. ज्येष्ठांसाठी तो सरळ दीडपट धरावा.

रेल्वेच्या खर्चाबद्दल थोडेसे: स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा रेल्वे-बसचा पास, त्यावर वेंगेन आणि म्युरेनपर्यंतचा प्रवास पूर्ण धरलेला आहे, पण वेंगेनहून पुढे युंगफ्राउयोखपर्यंतच्या टप्प्याला फक्त सवलत मिळते. आई-वडिलांकडे पास असेल, तर ६ ते १५ वर्षांच्या मुलांना त्यांच्याबरोबर फुकट प्रवास करता येतो. त्यासाठीचे फॅमिली कार्ड पास घेतानाच मागून घ्या.

माहीमकर

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आई-बाबांना ही उत्तरे मोठ्याने वाचून दाखवली. बाबांनी डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि क्लायने शायडेगला बसून राहण्याची कल्पना त्यांना इतकी आवडली आहे की परवानगी मिळाली तरी तेच करू, असे ते म्हणत आहेत. वेंगेनला स्वयंपाकघर असलेली जागा शोधायला सुरुवात केली आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडेही खात नाही. तिच्या जेवणाचे काय करावे? आणि व्हिसाची तयारी कधी सुरू करावी?

गिरगावचा वाचक यांचे उत्तर

स्वयंपाकघर असलेली जागा घेत आहात, म्हणजे निम्मा प्रश्न सुटला. लाउटरब्रुनेन आणि वेंगेन, दोन्ही ठिकाणी स्थानकाजवळच ‘कूप’ (Coop) या स्विस साखळीचे किराणा दुकान आहे आणि तिथे तांदूळ, मसूर, भाज्या, दही, दूध सगळे मिळते. मुंबईहून नेताना एक नियम पाळा: युरोपबाहेरून स्वित्झर्लंडमध्ये मांस आणि दुग्धजन्य पदार्थ नेण्यास मनाई आहे, म्हणून तूप, पेढे, खव्याची मिठाई घरीच ठेवा. लोणी तिथे उत्तम मिळते, ते कढवून ताजे तूप करता येते. मेतकूट, भाजणी, डाळीची चटणी, दशम्या आणि गोडा मसाला नेण्याला अडचण नाही. दशम्यांत दूध घालत असाल, तर तेवढ्या पाण्यात भिजवा.

बाहेर जेवताना रोश्टी, म्हणजे किसलेल्या बटाट्याचा खमंग परतलेला थर, आईंना नक्की आवडेल, पण त्यावर अंडे किंवा डुकराचे मांस घालतात, तेव्हा मागवतानाच सांगावे. आल्प्लरमाग्रोनेन हा मॅकरोनी, बटाटा, चीज आणि कांद्याचा पदार्थ सफरचंदाच्या गराबरोबर देतात. त्यातही मांसाचे तुकडे असू शकतात. चीजबद्दल आई किती काटेकोर आहेत, हे ठाऊक नाही. ग्रुयेरसारख्या पारंपरिक चीजमध्ये दूध विरजण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात. त्यांना ते चालणार नसेल, तर दुकानातल्या वेष्टनावर वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवजन्य रेनेटचा उल्लेख पाहून घ्या. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचे पाणी पिण्याचेच असते आणि गावातल्या दगडी हौदांचेही, जोवर तिथे ते पिण्याचे नाही अशी पाटी लावलेली नसते.

पार्लेकरीण यांचे उत्तर

व्हिसाचे काम आताच हातात घ्या. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसला, तरी शेंगेन या एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहे आणि प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निर्णयाला एरवी १५ दिवस पुरतात, पण एप्रिल-मेमध्ये मुंबईच्या केंद्रावर वेळ मिळणेच अवघड होते, आणि तुमचे पाचही अर्ज एकाच दिवशी व्हायला हवेत. प्रौढांचे शुल्क ९० युरो आहे आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना त्याच्या निम्मे, त्याशिवाय केंद्राचा सेवाशुल्क वेगळा. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. तो घेताना बाबांची अँजिओप्लास्टी अर्जात स्पष्ट लिहा आणि आधीपासूनच्या आजाराला संरक्षण देणारी पॉलिसीच निवडा, मग हप्ता थोडा जास्त पडला तरी चालेल. बाबांच्या औषधांची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून घ्या आणि औषधे हातातल्या सामानात ठेवा.

मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. तिथल्या विमानतळाच्या खालीच रेल्वे स्थानक आहे आणि इंटरलाकेन ओस्टला पोहोचायला सव्वादोन तासांच्या आसपास लागतात. इंटरलाकेनहून पुढची गाडी मात्र जपून धरा. ती वाटेत त्स्वायल्युचिनेन स्थानकात दुभंगते. तिचा एक भाग लाउटरब्रुनेनला आणि दुसरा ग्रिंडेलवाल्डला जातो. कोणते डबे कुठे जाणार, हे फलाटावरच्या इंडिकेटरवर आणि डब्यांवर लिहिलेले असते. पाच जण आणि सामान एकाच डब्यात चढले आहे, याची खात्री करूनच बसा, आणि शक्य झाल्यास आईंना उजवीकडची खिडकी द्या.